पंधराची पट्टी

माझ्या वडिलांनी सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये शब्द दिला आणि तो पाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या घरात हे असंच चालत आलंय. बाबा बोलणार, आई देवाला सांगणार आणि हेमांगी निस्तरणार.

आईबाबा डोंबिवली पूर्वेला राहतात. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, बाबांची जुनी फियाट उभी असते. बाबांनी कोलशेतच्या एका कंपनीत फिटर म्हणून आयुष्य काढलं, पण त्यांचं खरं प्रेम कंपनीवर नव्हतं, या गाडीवर होतं. तिचं इंजिन त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही. गेलं वर्षभर मात्र ती जागची हललेली नव्हती. तिच्याखाली घुशींनी संसार थाटला. त्या घुशींनी सेक्रेटरी चित्राताईंच्या स्कूटरच्या वायरी कुरतडल्या. शिवाय गाडी शेवटची चालू झाली तेव्हा तिच्या खडखडाटानं चित्राताईंच्या आजारी सासूबाई दचकून उठून बसल्या होत्या. हे सगळं मीटिंगमध्ये निघालं. चित्राताई वाईट बाई नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "दगडूकाका, गाडी चालत नाही, आणि चालली तर वाजते. ठेवून करायचं काय?"

त्यावर बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "दसऱ्याला दुपारच्या आत गेटबाहेर काढून दाखवतो. टॅपेटचा आवाज आला तर मी स्वतः भंगारवाल्याला चावी देईन."

हे मला आईनं फोनवर सांगितलं. मी तेव्हा ठाण्याला कोर्टात, टायपिंगच्या ढिगात बसलेली.

"अगं, पण करणार कोण?" मी विचारलं.

आई म्हणाली, "तू नवरात्राच्या सुट्टीला येतेयस ना?"

बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे. खरं तर तो आम्हाला गाडीनंच सांगितला. गेल्या वर्षी पितृपक्षात बाबांनी नेहमीसारखे टॅपेट सेट केले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातची गाडी खडखडली. पुन्हा केले, पुन्हा खडखडली. स्क्रूड्रायव्हर हातातून निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेला. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, नवरात्र हॉस्पिटलात गेलं. डॉक्टर म्हणाले, कंप जाणार नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहील. त्या दिवसापासून बाबांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. उजवा हात डाव्या काखेत दाबून बसतात, कुणाला दिसू नये म्हणून. दिसतं ते सगळ्यांना.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. रोज सकाळी खाली उतरायचं, डाव्या हातानं गाडीवरची धूळ पुसायची, बॉनेटवर दोन थापा मारायच्या आणि वर येऊन चहा घ्यायचा. अंथरुणातून उठायला त्यांच्याकडे तेवढंच एक कारण उरलंय. गाडी गेली की ते उठायचेच नाहीत, ही भीती आईला होती, मला होती. आणि या शहाण्या माणसानं नेमकी तीच गाडी पैजेवर लावली. कपाळावर हात मारून घ्यावा की कपाळच गाडीवर आपटावं, मला कळेना.

मेकॅनिक आणूया म्हटलं, तर बाबा म्हणाले, "परक्याला इंजिन उघडू देण्यापेक्षा भंगारात गेलेली बरी." म्हणजे विषय संपला.

टॅपेट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. तरी सांगते. इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला झडपा असतात. त्या झडपांना वरून दाबणाऱ्या छोट्या हातोड्या असतात. हातोडी आणि झडप यांच्यामध्ये केसाएवढी फट लागते. फट जास्त झाली की हातोडी टकटक वाजते. कमी झाली की झडप पुरती मिटत नाही आणि आतल्या आत जळते. ती फट नेमकी ठेवायची, यालाच टॅपेट सेट करणं म्हणतात. ती मोजायला फिलर गेज असतो. पोलादाच्या बारीक पट्ट्यांचा जुडगा, जपानी पंख्यासारखा उघडणारा, प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली. आमच्या गाडीला पंधराची, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीची पट्टी लागते. बाबांचा हा गेज कंपनीच्या दिवसांपासूनचा. लहानपणी मी त्याला हात लावला की ओरडा ठरलेला. पुढे त्यांनीच मला हाताशी घेऊन शिकवलं, तेव्हाही पट्टी हातात देण्याआधी हात पुसून दाखवावे लागायचे.

अष्टमीला सकाळी मी जुना ड्रेस घालून खाली उतरले. नवी बॅटरी आधीच बसवली होती, ताजं पेट्रोल भरलं होतं. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, हात काखेत. उंटावरून शेळ्या हाकायला बसले होते म्हणा ना.

"कव्हर काढ. गॅस्केट फाडू नकोस."

"नाही फाडत."

"प्लग काढून ठेव. आता चौथा गिअर टाक आणि ढकल. हळू. हळू म्हटलं ना! थांब. कितवी झडप दबलीय?"

गिअरमध्ये ढकललं की इंजिन फिरतं आणि एकेक झडप दबत जाते. गाडी ढकलायची मी, पुढे धावत येऊन बघायचंही मी. "आठवी."

"मग पहिली सेट कर. दबलेली आणि लावायची, दोन्ही मिळून नऊ. शिकवलेलं ना तुला?"

"तुम्ही पाढेपण शिकवलेले. ते तरी कुठं आठवतायत मला?"

पार्किंगमध्ये गाडी ढकलायला जागा दोन हात. पुढे पंप, मागे चित्राताईंची स्कूटर. थोडी पुढे, थोडी मागे, धावत जाऊन बघ, पुन्हा ढकल. शेवटी आई खाली आली, पदर खोचला आणि मागून जोर लावायला लागली. "थांबू का?" ती दर पावलाला विचारायची, आणि बाबा म्हणायचे, "ती गाडी आहे, मालन, पाळणा नाही."

आठही झडपा मी एकेक करून सेट केल्या. नट सैल करायचा, पट्टी फटीत सारायची, स्क्रू हळूहळू फिरवायचा. पट्टी ओढताना ती थिजलेल्या तुपातून सुरी जावी तशी जायला हवी. सुटीही नाही आणि अडकलेलीही नाही. मग नट आवळायचा. आवळताना स्क्रू पुन्हा फिरतो, की पुन्हा पहिल्यापासून. आठव्या झडपेपर्यंत माझं मनगट आणि तोंड दोन्ही सुटलेली होती. कव्हर बसवलं, प्लग लावले, चावी फिरवली. गाडी खोकली आणि चालू झाली. वर्षानंतर चालू झाली! मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात ऐकू आलं. टक टक टक टक.

"सैल आहेत," बाबा म्हणाले.

"पट्टी लावून केलंय, बाबा."

"सैल आहेत."

"तुम्हीच म्हणायचात ना, कान फसवतो, पट्टी फसवत नाही?"

"म्हणायचो. आजही म्हणतो."

"मग?"

"मग तुझा हात फसवतोय."

आता यातला खरा छळ ऐका. इंजिन तापलं की टॅपेट सेट करता येत नाहीत. थंड होईपर्यंत काही तास बसून राहायचं. मी बसून राहिले. बाबा खुर्चीतून मला पट्टी कशी ओढायची ते हवेत डाव्या हातानं करून दाखवत राहिले. संध्याकाळी पुन्हा कव्हर, पुन्हा प्लग, पुन्हा आईचं "थांबू का?" पुन्हा आठ झडपा. या वेळी मी एकेक झडप दोनदा तपासली. पट्टी अशी नेमकी जात होती की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. चावी फिरवली. टक टक टक टक. तसाच आवाज. जणू मी दिवसभर काही केलंच नव्हतं.

"गाडी म्हातारी झालीय, बाबा. आतले भाग झिजलेत. ती वाजणारच."

"नाचता येईना अंगण वाकडं."

मी पाना जमिनीवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. "बरं, एक ऐका. गाडी चालू आहे. वाजत का होईना, चालतेय. परवा गेटबाहेर काढते आणि आत आणते. चित्राताईंना टॅपेटमधलं काय कळतं?"

"मला कळतं."

"मग अंदाजानं थोडे आवळते. आवाज जाईल."

"अंदाजानं?" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी जणू अंदाजानं कुणाचं ऑपरेशन करते म्हणाले होते. "अंदाजानं झडपा जळतात, हेमे! आवळून आवाज बंद करणारे मेकॅनिक मी कंपनीच्या गेटवरही उभे केले नसते."

"म्हणजे कानाला सैल वाटतंय, पण कानानं आवळायचं नाही. पट्टीनं करायचं, पण पट्टीनं केलेलं चालणार नाही. मी नक्की करू तरी काय?"

"नीट कर."

दिवसभर गाडी ढकलून माझी पाठ मोडली होती, नखांत काळं गेलं होतं आणि चित्राताई जिन्यातून दोनदा डोकावून गेल्या होत्या. माझा तोल गेला. "मग धरा ना तुम्ही पट्टी! बसल्या जागेवरून सांगायला काय जातंय? या, धरा!"

बाबांचा हात काखेत आणखी आत गेला. मग ते उठले आणि जिना चढून वर गेले. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आई गाडीच्या मागे उभी होती, दोन्ही हात अजून डिकीवर टेकलेले. ती म्हणाली, "जेवायला चल." बस, एवढंच.

रात्री मी ठरवलं. नवमीला पहाटेच उठायचं, इंजिन पूर्ण थंड असताना, बाबा खाली यायच्या आत सगळं पुन्हा करायचं. एवढं केलं की उद्याच्या उद्या हा तिढा सुटेल.

पहाटे उठले तर हत्यारांची पेटी जागेवर नाही. घरभर शोधली. शेवटी देवघरासमोर पाहिलं आणि मटकन खाली बसले. आईनं आंघोळ करून पाट मांडला होता. पाटावर नवं कापड, आणि त्यावर एका ओळीत बाबांचे पाने, पक्कड, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, शेजारी तिची शिवणाची कात्री, विळी आणि माझ्या पर्समधलं पेन. बाजूला झेंडूचा ढीग. खंडेनवमी! मी विसरलेच होते. आमच्याकडे नवमीला हत्यारं पाटावर जातात आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या दिवशी आमच्याकडे कांदासुद्धा हातानं फोडतात.

"आई, नाही! आज नाही! इंजिन उघडायचंय मला."

"आज हत्यारांना विश्रांती."

"उद्या दुपारपर्यंत गाडी बाहेर काढायचीय! हत्यारांना विश्रांती आणि मला फाशी?"

"उद्या आरती लवकर करू." आई एकदा मांडायला बसली की बसली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी कपाळमोक्ष. मी तिथेच फरशीवर बसून धुमसत राहिले. ती एकेका हत्याराला हळदकुंकू लावत, फूल ठेवत पुढे चालली होती. मग तिनं फिलर गेज उचलला. बंद गेजवर बोट टेकवून पुढे जाईल असं मला वाटलं. तसं केलं नाही तिनं. तिनं पंखा उघडला. पट्ट्या बाजूला करत करत, डोळे बारीक करून आकडे वाचत, पंधराची पट्टी शोधून काढली. वाटीतलं ओलं हळदकुंकू अनामिकेवर घेतलं आणि पट्टीच्या मधोमध ठसठशीत लावलं. ओघळ खाली उतरला. तिनं पंखा मिटून गेज पाटावर ठेवला आणि हात जोडले.

माझ्या डोक्यात काहीतरी टक झालं.

"आई, गेल्या वर्षी तूच केलेलीस ना पूजा? बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा?"

"मग कोण करणार?"

"तेव्हाही असंच लावलेलंस? पट्टीला?"

"हो. हळद जरा पातळ झालेली. पण म्हटलं, असू दे."

पातळ झालेली! ती पातळ हळद पट्ट्यांच्या मधे उतरली होती, तेलात मिसळली होती आणि वर्षभरात वाळून खडखडीत झाली होती. पंधराच्या पट्टीमागची पट्टी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. ती हिला चिकटून बसली असणार. वर आकडा पंधराचा, जाडी दोघींची, म्हणून फट जास्त. मी दिवसभर नेमकं माप घेतलं होतं, पण चुकीचं. बाबांचा कानही खरा होता आणि माझा हातही. अंगणच वाकडं होतं!

मी गेजकडे झेपावले. आईनं माझं मनगट धरलं. माझी आई गाडी ढकलताना दमते, पण देवाच्या बाबतीत तिच्या हातात दहा हत्ती येतात.

"पूजेतलं आहे. उद्या."

"आई, तुझ्या पूजेनं पट्ट्या चिकटल्या! कालपासून मी गाढवासारखी राबतेय, बाबांशी नाही नाही ते बोलले, ते या हळदीपायी!"

एवढ्यात बाबा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मनाशी म्हटलं, आता बघावं. या माणसानं माझ्या ओल्या हातांवरून घर डोक्यावर घेतलंय. गेजला ओलं कुंकू म्हणजे आता आभाळच डोक्यावर घेणार. आई पण पदर सावरून तयार बसली.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "गेजच्या डबीला लावायचं असतं, मालन. मी नेहमी डबीला लावायचो."

"मला काय माहीत? मी कधी बघितलंय? तुम्ही मला तुमच्या हत्यारांजवळ येऊ तरी दिलंत का कधी?" आईचा आवाज चढला. असा चढलेला मी क्वचितच ऐकलाय. "तुम्ही तिकडे पलंगावर, आणि डॉक्टर म्हणतात हात थांबायचा नाही. मी घरी एकटी. कुणाला सांगू? तुम्ही म्हणायचात ना, पंधराच्या पट्टीनं हात स्थिर केला माझा? म्हणून तिलाच शोधली. तिलाच सांगितलं, बाई, यांचा हात धर. झालं? चुकलं माझं. वाकडं झालं. आता ओरडा."

बाबा पाटाकडे बघत राहिले. मी वाट बघत होते की ते म्हणतील, उचल गं गेज, घासलेट आण. गाडी त्यांची, शब्द त्यांचा, वेळ त्यांचीच चालली होती.

"राहू दे पाटावर," ते म्हणाले. "उद्या बघू."

मला ओरडावंसं वाटलं. कालपासून मी ज्या एका गोष्टीच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावत होते, ती पाटावर झेंडू घालून बसली होती, आणि आता दोघांनाही घाई नव्हती. त्या दिवशी मी इतका चहा प्यायले की आईनं शेवटी साखर लपवून ठेवली.

दसऱ्याला आई म्हटल्याप्रमाणे लवकर उठली, पण आरती मात्र एकही कडवं न गाळता म्हणाली. मी प्रत्येक कडव्याला घड्याळ बघत होते. आरती संपल्यावर तिनं फिलर गेज दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडे दिला नाही. बाबांकडे दिला.

बाबांनी तो डाव्या हातात घेतला. खाली पार्किंगमध्ये मी वाटीत घासलेट ओतलं. पंधराची पट्टी भिजवली, जुन्या ब्रशनं घासली. वाटीत पिवळा रंग उतरला. मग नखानं हलकेच खरवडलं तर ती पापुद्र्यासारखी पट्टी सुटून बाजूला आली. बाबांनी मान पुढे करून ती पाहिली आणि नाकातून हसले. "आणि मी म्हणतोय हेमीचा हात फसवतो."

"माफी मागा."

"आधी काम."

गेटजवळ भंगारवाल्याचा टेम्पो येऊन लागला होता. चित्राताईंनी बोलावला होता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, बाबांनीच सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हर बिडी ओढत आमच्याकडे बघत होता. मी बॉनेट उघडलं, कव्हर काढलं. आईनं पदर खोचला. आठवी दबली, पहिली आली. मी पट्टी घ्यायला हात पुढे केला.

"तू नट बघ," बाबा म्हणाले. "पट्टी मी धरतो."

त्यांनी उजवा हात काखेतून बाहेर काढला. वर्षभरात मी तो असा उजेडात पाहिला नव्हता. वाळला होता आणि थरथरत होता, आपल्या मनासारखा, कुणाचं न ऐकता. डाव्या हातानं मनगटाला आधार देत त्यांनी पट्टीचं टोक फटीत सारलं. फट सैल होती. पट्टी फटीत फडफडायला लागली. मला बघवेना. मनात आलं, हे होणार नाही, आता त्या स्क्रूड्रायव्हरसारखी पट्टीही पडणार, टेम्पोवाला हसणार, आणि हे पुन्हा वर्षभर तोंड लपवून बसणार.

"स्क्रू फिरव. हळू."

मी फिरवला. फडफड बारीक झाली.

"अजून."

अजून बारीक झाली. हाताचा कंप तोच होता, पण पट्टीत तो कमी कमी येत होता. स्क्रू जसजसा खाली येत होता तसतशी फट पट्टीला धरत होती, आणि पट्टी बोटांना.

"बस्स!"

पट्टी थांबली. बोटंही थांबली. खांद्यापाशी कंप होता, कोपरात होता, पण पट्टी धरलेली बोटं एकदम शांत. बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही. मग त्यांनी डाव्या हातानं पट्टी ओढली. ती थिजलेल्या तुपातल्या सुरीसारखी बाहेर आली.

"नट आवळ," ते म्हणाले. "रडू नकोस, स्क्रू फिरेल."

आठही झडपा त्यांनी अशाच धरल्या. कंपामुळं पट्टी आपोआप आतबाहेर होत होती, आणि फट जुळली की थांबत होती. एकदाही चुकली नाही. दुसऱ्यांदा तपासू का, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "माझा हात सांगतोय ना." ही भाषा मी वर्षभर ऐकली नव्हती. आई मागून विचारत होती, "थांबू का?" आणि या वेळी तिला कुणी टोमणा मारला नाही.

कव्हर बसवलं, बॉनेट लावलं. चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली. मी श्वास रोखून ऐकत होते. आत कुठेतरी अगदी बारीक टिकटिक होती, घड्याळासारखी. बाकी काही नाही.

"अजून वाजतंय की जरासं," आई घाबरून म्हणाली.

"तेवढं वाजायलाच हवं. अगदी गप्प झालं की समजायचं, आत जळतंय."

चित्राताई जिन्यातून उतरून आल्या. गाडीसमोर उभ्या राहिल्या, हात कमरेवर. "काय काका, दुपार व्हायला आली. चालू करताय ना?"

बाबा म्हणाले, "चालूच आहे."

चित्राताई वाकल्या, बॉनेटवर हात ठेवला, इंजिनाची थरथर जाणवताच चटकन मागे घेतला आणि हसल्या. मग गेटकडे वळून त्यांनी टेम्पोवाल्याला हातानंच सांगितलं, जा.

आई हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायला हवी. बॉनेटला, स्टिअरिंगला, चारही चाकांना तिनं कुंकू लावलं, झेंडूचा हार अडकवला. मग वाटी घेऊन ती बाबांसमोर उभी राहिली.

"हात द्या."

बाबांनी डावा हात पुढे केला.

"तो नको. हत्याराचा द्या."

बाबांनी एकदा चित्राताईंकडे पाहिलं. उजवा हात एव्हाना पुन्हा काखेत गेला होता. तो त्यांनी बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर आईपुढे धरला. आईनं त्यावर बोट टेकवलं. हात हलला, कुंकू पसरून पार मनगटापर्यंत लाल रेघ गेली.

"हलवू नका हो जरा," आई म्हणाली.

"मी नाही हलवत, मालन. तो हलतो," बाबा म्हणाले. तो हात तसाच पुढे धरून ठेवत त्यांनी मला डोळ्यांनी ड्रायव्हरच्या सीटकडे खुणावलं. "हेमे, पहिला टाक."